लाखोळीची डाळ खावी का? भंडाऱ्याच्या ताटातला एक इतिहास

"डॉक्टर, लाखोळीची डाळ खाल्ली की पाय जातात म्हणे. खरं का?"

भंडारा जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. विचारणाऱ्याने बहुधा आजीच्या हातचे लाखोळीचे वडे आवडीने खाल्लेले असतात. म्हणून नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. थोडा इतिहास पाहावा लागतो.

ही डाळ आपल्याकडे का?

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. धान कापणीच्या आधी, बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात लाखोळी फेकायची, ही जुनी रीत. तिला उतेरा म्हणतात. वेगळी नांगरट नाही, पाणी नाही, खर्च जवळपास नाही. इतर पिकं बुडाली तरी लाखोळी तग धरते. हाच तिचा मोठा गुण आणि धोकाही इथूनच सुरू होतो.

दुष्काळात काय घडलं?

1830 च्या सुमारास आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात गव्हाची पिकं लागोपाठ बुडाली. लोक लाखोळीवर जगले आणि अनेक तरुण माणसं कमरेखाली लुळी झाली. इंग्रज अधिकारी स्लीमन याने 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. 1873 मध्ये इटलीतल्या कँतानी या डॉक्टरने या आजाराला 'लॅथिरिझम' हे नाव दिलं. पुढे रीवा भागात शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची. तिथेही हा आजार मोठ्या प्रमाणात दिसला.

1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या डाळीतलं विषारी द्रव्य वेगळं केलं. त्याला थोडक्यात 'ओडॅप' म्हणतात. मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणाऱ्या चेतापेशींना ते इजा करतं. पाय ताठरतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. बुद्धी शाबूत राहते, पण गेलेली ताकद सहसा परत येत नाही.

मग आजीला काही का झालं नाही?

याची दोन कारणं आहेत. पहिलं प्रमाण. जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त फक्त लाखोळी, तीही सलग काही महिने, असं झालं की धोका वाढतो. भात, भाजी, मासळीसोबत अधूनमधून खाल्लेल्या डाळीची गोष्ट वेगळी.

दुसरं कारण म्हणजे स्वयंपाकाची रीत. ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विषाचा बराच भाग निघून जातो. अशी शहाणपणाची रीत जगात इतरत्रही आहे. बोलिव्हियात टिटिकाका सरोवराच्या परिसरात कडू, विषारी बटाटे पिकतात. तिथले लोक ते रात्रीच्या थंडीत गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. एका प्रकारात ते बरेच दिवस वाहत्या पाण्यातही ठेवतात. या 'चुन्यो'वर त्यांच्या पिढ्या जगल्या. दुष्काळात मात्र ताटात दुसरं काही उरत नाही आणि प्रमाणाचं भान पाळणं हातात राहत नाही.

आज काय करायचं?

1961 मध्ये केंद्राच्या नियमांत या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती पुढे उठवली, पण 2011 च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहेच. दरम्यान रतन, प्रतीक यांसारखे कमी ओडॅप असलेले वाण आले. शेतात लाखोळी होते आणि घरी खाल्ली जाते, अशांनी एवढं लक्षात ठेवा:

- डाळ गरम पाण्यात काही तास भिजवा आणि ते पाणी फेका. नंतर भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी काढून टाका.
- कोरड्या डाळीचं पीठ करून रोज भाकरी किंवा झुणका खाऊ नका. त्यात विष धुऊन निघत नाही.
- रोजचं वरण तुरीचं किंवा मुगाचं ठेवा. लाखोळी कधीतरीच.
- सुटं, स्वस्त बेसन घेताना जपा. त्यात या डाळीची भेसळ होऊ शकते.
- पाय जड वाटणं, गुडघे ताठरणं, चालताना पाय एकमेकांत अडकणं असं काही जाणवलं तर लाखोळी त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. आजार लवकर ओळखला तर पुढचं नुकसान टाळता येतं.

आजीचे वडे सणाला जरूर खा. फक्त डाळ भिजवलेलं पाणी फेकलं का, हे आधी विचारा.