दोन जन्मतारखांचा निवाडा

तथागतांच्या महापरिनिर्वाणाचा काल ठरविताना पालीच्या अभ्यासकापुढे दोन साक्षी उभ्या राहतात. दीपवंसानुसार सम्राट अशोकाचा अभिषेक महापरिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी झाला; उत्तरेकडील परंपरा शंभरच वर्षे सांगते. अशोकाचा काल त्याच्या तेराव्या शिलालेखातील ग्रीक राजांच्या नावांवरून निश्चित होतो. अभिषेक इ.स.पूर्व २६८ च्या सुमाराचा. तेव्हा एका गणनेने महापरिनिर्वाण इ.स.पूर्व ४८६ मध्ये येते, दुसरीने ३६८ मध्ये. या दोहोंचा मध्य काढणे म्हणजे कोणत्याच परंपरेत नसलेले वर्ष निर्माण करणे होय. साक्ष कोणी, केव्हा व कशासाठी नोंदविली, हे आधी पाहावे लागते.

आपल्या घराण्याचा इतिहास लिहू लागलो तेव्हा हीच शिस्त आमच्या कामी आली. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२४ ही जन्मतारीख आहे. आपल्या किती घरांतील वडीलधारी मंडळी १ जूनलाच जन्मली आहेत! शाळा जूनमध्ये भरे आणि अंदाजाने वय बसवून गुरुजी तारीख घालीत. उलट गावच्या कोतवाल बुकात पणजोबांच्या नावे १९२१ साली मुलगा झाल्याची नोंद सापडली. ती त्याच वेळी झालेली, म्हणून अधिक विश्वसनीय, असे मानून वंशावळीत १९२१ लिहून आम्ही मोकळेही झालो होतो. परंतु त्या नोंदीत मुलाचे नाव नव्हते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढेच.

आजोबांच्या थोरल्या भगिनी सांगत, "बाबा तळ्याचं पाणी पिऊन आले तेव्हा हा माझ्या कडेवर होता." महाडला १९२७ साली दोनदा परिषद भरली. डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले, परंतु कोर्टाच्या मनाईमुळे तळ्याचे पाणी घेतले गेले नाही. पाणी प्राशन केले गेले ते २० मार्चला. त्या दिवशी १९२१ सालचा मुलगा पाच-सहा वर्षांचा असता. आजी स्वतः तेव्हा जेमतेम दहा वर्षांच्या. एवढ्या मुलाला त्या कडेवर कशा घेणार?

मग त्याच बुकातील मृत्यूंची पाने आम्ही चाळली. १९२३ मध्ये त्याच बापाच्या नावे दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू नोंदलेला आढळला. १९२१ ची नोंद आजोबांची नव्हतीच. ती त्यांच्या थोरल्या भावाची होती. घरात कोणी त्याचा उल्लेख केल्याचे आम्हास स्मरत नाही.

वंशावळीत आजोबांपुढे आता 'सुमारे १९२४' असे लिहिले आहे. दाखल्यावरील तारीख कंसात, दाखल्याची म्हणून. त्यांच्या वर एक ओळ वाढली आहे: मुलगा, नाव अज्ञात, १९२१–१९२३.