सहारला उतरलेली माणसं परत का गेली?

जानेवारी २०२४. तिकडे गाझाचं युद्ध पेटलेलं आणि इकडे लखनौला, रोहतकला इस्रायलमधल्या बांधकामाच्या नोकऱ्यांसाठी ही मोठी रांग. पगार महिन्याला १ लाख ३७ हजारांच्या आसपास. तेव्हा आमच्या कट्ट्यावर सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. एक म्हणतो, पैशासाठी जातात, त्यात कसला आलाय त्याग? दुसरा म्हणतो, घरासाठी जीव धोक्यात घालतात, सैनिकापेक्षा कमी नाहीत. मी दोघांनाही विचारतो, १९९० चं सहार आठवतंय का?

२ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. तिथे तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात रस्ते, बंदरं, इमारती उभ्या राहायला लागल्या आणि आपल्याकडचे वेल्डर, सुतार, ड्रायव्हर, नर्स, कारकून तिकडे गेले. सगळ्यात जास्त केरळचे. पण रत्नागिरी-रायगडचेही होते, आपल्या उपनगरांतलेही होते. कुवेती दिनार बघता बघता कवडीमोल झाला. कपाटात जपलेली कित्येक वर्षांची कमाई म्हणजे नुसता कागद! मग मिळेल त्या बसने बसरा, बगदाद आणि पुढे जॉर्डनची हद्द. तिथे वाळवंटात तंबू, पाण्यासाठी रांगा. शेवटी अम्मानहून एअर इंडियाचं विमान. अशा ४८८ फेऱ्या झाल्या, दोन महिने हे चालू होतं. आणि मुंबईत ही माणसं उतरली ती आपल्या अंधेरी पूर्वेला, सहारला. ('एअरलिफ्ट' सिनेमा पाहून हे सगळं एका उद्योगपतीने केलं असं वाटत असेल तर सोडून द्या. तो हिरो काल्पनिक आहे. राबले ते एअर इंडियाचे कर्मचारी, सरकारी अधिकारी आणि कुवेतमधले कितीतरी साधे लोक.)

आमच्या मुलुंडच्या चाळीतले एक काका त्यात होते. वेल्डर. एक पिशवी आणि अंगावरचे कपडे घेऊन आले. काकूंनी देवापुढे साखर ठेवली, पेढे आणायला पैसे नव्हते. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मोकळं झालं आणि पुढच्याच वर्षी काका परत गेले! माझे वडील त्यांच्यावर चिडले होते. काका एवढंच म्हणाले, "भाऊ, गावचं घर जोत्यापर्यंत आलंय. आणि एजंटसाठी काढलेलं कर्ज कोण फेडणार?"

आता सांगा, याला लोभ म्हणायचं की त्याग?

कोकणातल्या घरांना यात नवीन काही नव्हतं. आधी परळ-लालबागहून मनीऑर्डर यायची, नंतर आखातातून ड्राफ्ट यायला लागला. गिरणीत गेलेल्या आजोबांना गावात कोणी त्यागी म्हटलं नाही, लोभीही नाही. 'पोटासाठी गेला' म्हणायचे, बस. त्या एका शब्दात दोन्ही आलं.

मला स्वतःला 'त्याग' हा शब्द खटकतो. एकदा त्याग म्हटलं की हात जोडून मोकळं होता येतं. 'पैशासाठी गेले' म्हटलं की हातही जोडायला नकोत. दोन्हीकडे एक प्रश्न राहूनच जातो, की एजंटने किती घेतले? आपल्याकडे १९८३ पासून एमिग्रेशन कायदा आहे. एजंटला लायसन्स लागतं, आणि आजच्या नियमाने तो कामगाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेऊ शकतो. अंधेरी-साकीनाक्याकडे ट्रेड टेस्टला आलेल्या एखाद्या पोराला चहा पाजा आणि खरा आकडा विचारा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे आखातात कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी हवी. तिथे करार तपासला जायला हवा. पण विमानतळावर उतरल्यावर दुसराच कागद हातात देतात, ही तक्रार जुनी आहे.

कुवेतवाल्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वेगळी घडली. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला, पैसे इराकच्या तेलातून. कुवेत सोडावं लागलं एवढ्याच कारणासाठी एकट्या माणसाला २,५०० डॉलर, आणि दुसरा कुठलाही दावा करणार नसेल तर ४,०००. काकांनीही फॉर्म भरला. बरीच वर्षं थांबावं लागलं, पण पैसे आले. त्यात घराचं छप्पर झालं. त्या फॉर्ममध्ये त्यांना त्यागी आहात का, असं कोणी विचारलं नव्हतं. नुकसान विचारलं होतं.

१२ जून २०२४ ला त्याच कुवेतमध्ये, मंगाफला, कामगारांच्या इमारतीला आग लागली. ४५ भारतीयांचे मृतदेह वायुदलाच्या विमानाने कोचीला आणले. चार दिवस श्रद्धांजलीच्या पोस्ट फिरल्या. एवढी माणसं एका इमारतीत कोणी कोंबली होती, हे विचारणाऱ्या पोस्ट फार थोड्या दिसल्या.

अंधेरी, मरोळ, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकरांनो, नव्वद साली सहारला कोणाला आणायला गेला होतात का? किंवा घरातलं कोणी तेव्हा परत आलं आणि पुन्हा गेलं? खाली लिहा. एजंटला किती दिले होते, तेही लिहा.