निराळ्या आगगाड्या

१९३९ ते १९४२ या काळात स्टीव्ह राइश नावाचा एक लहान मुलगा दाईबरोबर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्या दरम्यान आगगाडीने ये-जा करत असे. आईवडील विभक्त झालेले. वडील एका टोकाला, आई दुसऱ्या. आपण त्या वर्षांत युरोपात असतो तर ज्यू म्हणून अगदी निराळ्या गाड्यांत कोंबले गेलो असतो, हा विचार पुढे त्या मुलाच्या मनात रुजला आणि १९८८ साली त्यातून ‘डिफरंट ट्रेन्स’ ही रचना जन्मली.

तिच्यापर्यंतचा मार्ग मात्र सरळ नव्हता. १९६५ मध्ये राइश यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाचा ध्वनिमुद्रित आवाज दोन टेपयंत्रांवर एकाच वेळी फिरवला. यंत्रे हळूहळू एकमेकांपासून सरकत गेली आणि साध्या बोलण्यातली लय व स्वर उघडे पडले. १९७० मध्ये ते घानात एवे जमातीचे ढोलवादन शिकले, नंतर अमेरिकेतच बालीचे गॅमेलान. दुसऱ्यांच्या परंपरांपाशी बसल्यावर स्वतःची परंपरा कोणती, हा प्रश्न अटळ होता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि जेरुसलेम येथे त्यांनी हिब्रू धर्मग्रंथांच्या सस्वर पठणाचा अभ्यास केला. या ग्रंथांत शब्दांच्या वर-खाली खुणा असतात. त्या पठणाची चाल सांगतात आणि वाक्याची फोडही. वेदसंहितेतील स्वरचिन्हे पाहिलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था फारशी परकी वाटणार नाही.

राइश यांनी या परंपरांतून सूर उचलले नाहीत, रचनेचे तत्त्व घेतले. आणि हाच त्यांचा विवेक होय. चाल शब्दातून उगवते, ती शब्दावर लादायची नसते, हे ते तत्त्व. ‘डिफरंट ट्रेन्स’मध्ये त्याची कसोटी लागली. आपली दाई, रेल्वेचा एक निवृत्त सेवक आणि ज्यूसंहारातून वाचलेली माणसे यांच्या ध्वनिमुद्रित बोलण्याचे तुकडे त्यांनी निवडले, प्रत्येकाची स्वरलिपी केली आणि वाद्यांना त्यामागून चालायला लावले. स्त्रियांच्या बोलण्याला व्हिओला साथ करतो, पुरुषांच्या बोलण्याला चेलो. गायकामागे सारंगी जावी तसे. जोडीला गाड्यांच्या शिट्ट्या आणि भोंगे. पहिला वादनसंघ होता क्रोनोस क्वार्टेट.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. छळाच्या साक्षीचे संगीत करावे काय? दुःख सुरेल झाले की सुसह्य होते आणि सुसह्य झालेले दुःख विसरायला सोपे. मला वाटते, राइश यांनी हा धोका ओळखला होता. संगीत साक्षीला वेग देत नाही, उलट तिचा वेग स्वीकारते. वक्ता बदलला की लय मोडते, ऐकणाऱ्याची तंद्री लागू शकत नाही.

आणि शेवट पाहा. एक स्त्री एका मुलीची आठवण सांगते. तिचा गळा सुंदर होता. जर्मनांना तिचे गाणे आवडे. ती थांबली की ते आणखी गा म्हणत आणि टाळ्या वाजवत. रचना येथे संपते. मग सभागृहात टाळ्या वाजतात, आणि रसिकता माणसाला माणुसकी शिकवतेच, हा आपला जुना समज त्या टाळ्यांच्या आवाजात एकाएकी अवघड होऊन बसतो.