मोटारीचे अ‍ॅव्हरेज

एका लिटर इंधनात मोटार जितके किलोमीटर जाते, ते तिचे अ‍ॅव्हरेज. यवतमाळ जिल्ह्यात गाडी घेणारा रंगाच्याही आधी हा आकडा विचारतो. इंजिन लहान की अ‍ॅव्हरेज जास्त, हा त्यामागचा ठाम समज मात्र अर्धाच खरा आहे.

जिल्ह्यातल्या रस्त्यांवर हमखास भेटणारी बोलेरो पाहावी. २००० साली ती अडीच लिटरचे डिझेल इंजिन घेऊन आली. २०१६च्या ‘पॉवर प्लस’मध्ये १,४९३ सीसीचे इंजिन बसले आणि लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आली. हा हिशेब कराचा. चार मीटरच्या आतल्या, डिझेल असल्यास १,५०० आणि पेट्रोल असल्यास १,२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना २००६च्या अर्थसंकल्पाने सवलत दिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीची रेघही तिथेच आहे. बोलेरो त्या रेघेच्या आत राहते ती ७ सीसी आणि ५ मिलिमीटरने! टर्बोचार्जरमुळे ‘पॉवर प्लस’च्या या लहान इंजिनातूनही १९५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळत असे.

तो वापरायचा कसा, हे गिअर ठरवतो. ताशी ६०ला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पाचव्यापेक्षा बरेच जास्त फिरते आणि जादा फेऱ्यांचे इंधन घर्षणात जाते. ताशी २५ला पाचवा टाकला, तर गाडी हिसके मारते. वणीकडे कोळशाच्या ट्रकमागे दुसऱ्या-तिसऱ्यावर रखडणारी गाडी म्हणूनच जास्त पिते.

पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर अडचण उलटी. टॉप गिअर असतो, पण वेग ८०चा १०० झाला की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. बोलेरोसारख्या चौकोनी गाडीला तो जास्तच जाचतो.

माहितीपत्रकातला आकडा या रस्त्यांवरचा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या (स्थापना १९६६) संस्थेत गाडी रोलरवर चालवून, वेग ताशी ९०च्या आत आणि एसी बंद ठेवून तो काढतात. मे महिन्यात यवतमाळात एसी बंद ठेवून दाखवावा!

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची जुनी खोड मात्र सोडावी. आजची इंजिने गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन तोडतात; न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते, शिवाय इंजिनाचा ब्रेकही जातो.