निगेटिव्हची कुळकथा

छायाचित्रणाच्या इतिहासाचे लेखक बहुधा कॅमेऱ्यापासून आरंभ करतात, आणि भिंग, पडदा व पेटी यांची उत्क्रांती सांगता सांगता ग्रंथाच्या अखेरीस पोहोचतात. परंतु काळोख्या पेटीत बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा उमटते हे ज्ञान फार पुरातन आहे, आणि नुसत्या त्या ज्ञानाच्या बळावर मुंबईच्या चाकरमान्याला आपल्या तान्ह्या मुलाचे चित्र कोकणातल्या आईकडे पाठवता आले नसते. छायाचित्र घराघरांत, अल्बमांत व टपालाच्या पाकिटांत शिरले ते त्याच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्यावर. आणि ही सोय ज्या वस्तूने करून दिली, त्या निगेटिव्हची कुळकथा येथे सांगावयाची आहे.

या कथेच्या आरंभी दोन घराणी उभी आहेत. १८३९ च्या जानेवारीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आरागो या शास्त्रज्ञाने लुई डागेर यांच्या शोधाची वार्ता जाहीर केली. फ्रेंच सरकारने डागेर यांस सालिना ६,००० व त्यांचे दिवंगत सहकारी न्येप्स यांच्या मुलास ४,००० फ्रँकांचा तहहयात तनखा मंजूर केला, आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला ती सारी कृती लोकांपुढे खुली झाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरावयाचा, कॅमेऱ्यात प्रकाशापुढे ठेवावयाचा, आणि मग पाऱ्याची वाफ देऊन त्यावरील प्रतिमा प्रकट करावयाची, अशी ती रीत होती. तिच्यातून निघालेल्या चित्राची सूक्ष्मता आजही पाहणाऱ्यास थक्क करते. मात्र ते चित्र एकुलते एक असे. दुसरी प्रत हवी झाल्यास माणसाने पुन्हा खुर्चीवर येऊन निश्चल बसावे, किंवा त्या पत्र्याचेच नवे चित्र घ्यावे, याखेरीज तरणोपाय नव्हता. असे चित्र मखमलीच्या पेटीत जपून ठेवता येई, परंतु ते कोणास द्यावयाचे तर स्वतः त्यास मुकावे लागे. आणि एवढ्या एका उणिवेमुळे डागेर यांचे वैभवशाली घराणे पंधरावीस वर्षांतच निर्वंश झाले.

दुसरे घराणे इंग्लंडातले. विल्ट्शर परगण्यात लॅकॉक ॲबी नावाच्या आपल्या वाड्यात विल्यम हेन्री फॉक्स टालबट हे विद्वान गृहस्थ १८३५ च्या उन्हाळ्यात लहान लहान लाकडी पेट्या जागोजाग मांडून ठेवीत, आणि त्यांची पत्नी कॉन्स्टन्स त्या पेट्यांना उंदराचे सापळे म्हणे. मिठाचे पाणी व सिल्व्हर नायट्रेट यांची पुटे चढवलेला कागद त्या पेट्यांत बसवलेला असे. त्या वर्षीच्या ऑगस्टात त्यांनी वाड्याच्या जाळीदार खिडकीचे जे चित्र घेतले, ते जेमतेम इंचभर आकाराचे असूनही तिच्या सुमारे २०० काचा भिंगाखाली मोजता येत, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली आहे. आणि तो कागदाचा तुकडा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना निगेटिव्ह होय. त्यात उजेडाची जागा काळी व काळोखाची जागा पांढरी उमटली होती. दुसऱ्या कोणी हा दोष मानला असता. टालबट यांनी मात्र ओळखले, की तोच कागद दुसऱ्या संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात धरला, तर उलट्याचे पुन्हा सुलट होईल, आणि हा प्रयोग एकदा जसा साधेल तसाच तो पुनःपुन्हा साधेल. पुढे त्यांचे मित्र सर जॉन हर्शेल यांनी हायपो या रसायनाच्या योगे प्रतिमा स्थिर करण्याचा मार्ग दाखवला, तसेच निगेटिव्ह व पॉझिटिव्ह ही नावेही रूढ केली. आणि १८४१ मध्ये टालबट यांनी सुधारलेल्या कृतीची सनद मिळवली. या घराण्यातही एक व्यंग होतेच. कागदाचे तंतू प्रतीत उतरत, आणि डागेर यांच्या पत्र्याचे तेज तिला काही केल्या येत नसे.

ते व्यंग १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी घालवले. कागदाऐवजी त्यांनी काच घेतली, तिच्यावर कलोडियनचा चिकट थर पसरला, आणि निगेटिव्हची प्रजननशक्ती व डागेर यांच्या चित्राची सूक्ष्मता प्रथमच एकत्र आणली. त्यांनी आपल्या शोधाची सनद घेतली नाही, तो सर्वांस मोफत दिला, आणि १८५७ मध्ये हलाखीच्या स्थितीत त्यांचा अंत झाला. छायाचित्रणाच्या इतिहासात इतके मोठे दान दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल असे मला वाटत नाही. ओल्या काचेची ही रीत कष्टाची होती. थर वाळण्यापूर्वी, म्हणजे अवघ्या काही मिनिटांत, चित्र घेऊन ते धुवावे लागे, त्यामुळे प्रवासास निघालेला छायाचित्रकार राहुटी, रसायने, काचा व पाणी असा सारा सरंजाम बरोबर घेऊन फिरे. परंतु एकदा काच हाती आली म्हणजे तिच्यावरून शेकडो प्रती निघत. याच सुमारास लंडनमधील हौशी मंडळींनी विनिमय-मंडळ काढले, आणि प्रत्येक सभासदाने आपल्या चित्राच्या सर्वांस पुरतील इतक्या प्रती द्याव्या व मोबदल्यात इतरांच्या चित्रांचा संग्रह न्यावा, अशी वहिवाट घातली. पैशाची देवघेव मध्ये न आणता चित्रांची देवघेव करणारी ही मंडळी निगेटिव्हचे मर्म पुरते जाणून होती.

आपली मुंबई या बाबतीत मागे नव्हती. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्यात उमेदीने भाग घेतला. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडला, आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईतच आपला स्टुडिओ थाटला. जॉन्सन व हेंडरसन या दोघा छायाचित्रकारांनी १८५६ पासून १८५८ पर्यंत जे मासिक चालवले, त्याच्या पानांवर छापील चित्रे नसून निगेटिव्हवरून काढलेल्या खऱ्याखुऱ्या प्रती चिकटवलेल्या असत. जॉन्सन यांनी तर पुढे मुंबईतील जातीजमातींवरील आपल्या ग्रंथात स्टुडिओत घेतलेल्या माणसांची चित्रे शहरातील निरनिराळ्या दृश्यांवर बेमालूम बसवून, दोन निगेटिव्हांचे एक चित्र करून दाखवले.

तिकडे युरोपात या प्रतींना बाजारही मिळाला. पॅरिसच्या दिस्देरी या व्यावसायिकाने १८५४ च्या नोव्हेंबरात एका काचेवर आठ चित्रे घेण्याची सनद मिळवली, आणि भेटकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर डकवलेल्या छोट्या प्रती डझनाच्या भावाने विकावयास आरंभ केला. लोक एकमेकांस आपले चित्र देऊ लागले, ती ठेवण्यास खाचांचे अल्बम निघाले, आणि निगेटिव्ह दप्तरी जपून ठेवला असून मागणी केल्यास केव्हाही प्रत मिळेल, असा मजकूर स्टुडिओवाले पुठ्ठ्याच्या पाठीवर छापू लागले.

यापुढील वाटचाल वेगाने झाली. १८७१ मध्ये डॉ. मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखवला. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली १०० चित्रांची गुंडाळी भरलेला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरना बाजारात आणला, आणि गुंडाळी संपताच कॅमेराच कारखान्यात पाठवावयाचा व १० डॉलरांत प्रतींसह तो पुन्हा भरून परत मिळवावयाचा, अशी तजवीज केली. दुसऱ्या वर्षी गुंडाळीतील कागदाच्या जागी पारदर्शक सेल्युलॉइड आले; १९०० साली एका डॉलरच्या ब्राउनीने हे यंत्र मुलांच्याही हाती दिले; आणि १९२५ मध्ये वेट्झलारच्या लायकाने सिनेमाच्या फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरचे इवलेसे निगेटिव्ह घेऊन ते मोठे करण्याची रीत सार्वत्रिक केली.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत निगेटिव्ह रुळला तो १२० क्रमांकाच्या फिल्मच्या रोलमुळे. आगफा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यात त्या रोलवर १२ चौकोनी चित्रे निघत. पुढे उटीच्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही मिळू लागली. बारा संधींत घरचे कार्य, काशीयात्रा आणि मुलीचे पहिले पाऊल बसवावयाचे असल्याने प्रत्येक खटक्यामागे विचार असे. रोल धुऊन आला म्हणजे सारे घर त्या पट्ट्या खिडकीच्या उजेडाकडे धरून पाही: आजोबांची पांढरी मिशी काळीभोर, कपाळावरचे कुंकू फिकट, काळा कोट शुभ्र झालेला, आणि तरीही कोण कोठे उभे आहे हे ओळखण्यात कोणाची चूक होत नसे. मग यादी होई. एक प्रत नागपूरच्या काकांना, एक सासरी गेलेल्या ताईला, एक स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थांस, आणि तिच्या पाठीवर नाव, शिक्षण व ‘कृपया फोटो परत पाठवावा’ ही विनंती. त्या यादीत ज्यांचे नाव येई ते आपले, इतका स्पष्ट अर्थ तिला होता. आणि जे छायाचित्र अशा रीतीने निवडून, पैसे मोजून, पाठीवर चार अक्षरे लिहून दिले जाई, ते घेणाराही जन्मभर सांभाळी.

आज प्रतिमा क्षणार्धात सर्वत्र पोहोचते, ही सोय मोठी आहे व तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु जुन्या घरांची आवराआवर होते तेव्हा अल्बम ठेवून घेतले जातात आणि निगेटिव्हची पाकिटे निरुपयोगी म्हणून रद्दीत जातात, हे पाहून मला मनापासून दुःख होते. अल्बमातील प्रत फिकट होते, तिला डाग पडतात, ती एकाच भावाच्या वाट्याला जाते; निगेटिव्ह शाबूत असेल तर प्रत्येक भावंडास, प्रत्येक नातवास तितकीच चांगली नवी प्रत देता येते. म्हणून ज्यांच्या घरी अशा पट्ट्या असतील त्यांनी त्या प्लॅस्टिकमधून काढून कोऱ्या कागदाच्या पाकिटांत, पावसाळ्याच्या दमटपणापासून दूर ठेवाव्या; ज्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला असेल त्या वेगळ्या करून त्यांच्या प्रती प्रथम काढून घ्याव्या; पाकिटावर नाव, गाव व साल लिहावे; आणि कोणा आप्ताने मागणी केल्यास प्रत काढून देण्यास कधीही हरकत घेऊ नये, कारण टालबट यांच्या त्या इंचभर कागदापासून या वस्तूचा सारा वंश वाढला तो याच एका कामासाठी.