ठेव आपली, हिशेबही आपलाच



एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की दुपारपर्यंत आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "आपली बँक ठीक आहे ना गं?" हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपासून तो आपल्याकडे विचारला जातोय. आज त्याचाच इतिहास सांगते. आपल्या ठेवीला आज जे संरक्षण आहे, ते कुणाची तरी ठेव अडकल्यावर किंवा बुडाल्यावरच मिळालेलं आहे. ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ठाऊक असेल, तरच त्याचा उपयोग.

सुरुवात मुंबईपासून. शेठ प्रेमचंद रायचंद हे नाव आपल्याला राजाबाई टॉवरमुळे माहीत असतं. त्यांच्या आईला दिसत नसे, टॉवरच्या टोल्यांवरून त्यांना सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ कळावी, अशी त्यामागची कथा आपण ऐकलेली असते. पण शेठजींच्या आयुष्यातलं दुसरं पानही वाचायला हवं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर्स लोक डोळे मिटून घेऊ लागले. शेठजी या बाजाराचे राजे होते. १८६३ मध्ये बँक ऑफ बॉम्बेला शेअर्सच्या तारणावर कर्ज द्यायची मोकळीक मिळाली आणि बँकेचे पैसे त्याच बाजारात गेले. युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस आला, तेव्हा भल्याभल्यांच्या हातात नुसते कागद उरले. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. या बँकेत सरकारचंही भांडवल होतं, बरं का. म्हणजे नुसत्या मोठ्या नावावर विसंबू नये, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढे १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बंद पडली आणि पाठोपाठ मुंबईची इंडियन स्पेसी बँक. ती चांदीच्या व्यवहारात अडकली होती. त्यानंतरच्या काही वर्षांत देशभर कितीतरी बँका बुडाल्या. रिझर्व्ह बँक तेव्हा नव्हती, ती १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. बँकांवर देखरेखीचा स्वतंत्र कायदा आला १९४९ मध्ये. तरीसुद्धा बँक बुडाली तर ठेवीदाराचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर मिळायला कारण ठरलं आपलं अकोला. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या. देशभर लोक धास्तावले. मग संसदेने १९६१ मध्ये ठेव विम्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत १,५०० रुपयांपर्यंत विमा मिळाला. हप्ता बँकेने भरायचा, आपण नाही. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांनाही यात येण्याचा रस्ता उघडला. रक्कम हळूहळू वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तिथेच थांबली. तब्बल सव्वीस वर्षं. या काळात सोनं कुठल्या कुठे गेलं, फ्लॅटच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, पण विमा एक लाखच.

मग आला सप्टेंबर २०१९. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील असं जाहीर झालं. मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढवली, पण पहिल्या दिवशी बँकेच्या दारात उभ्या असलेल्या बाईला हजार रुपयांत घरभाडं, औषधं आणि मुलांची फी कशी भरायची हे कुणी सांगितलं नाही. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं प्रचंड कर्ज खोट्या खात्यांआड लपवलं गेलं होतं. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे आधी मिळतील आणि त्यावरची रक्कम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने, असं ठरलं.

या धक्क्यानंतर दोन गोष्टी झाल्या. ४ फेब्रुवारी २०२० पासून विमा पाच लाखांचा झाला. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून, बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची, असा नियम आला. पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे.

याचा उपयोग आपल्या नाशिकने पाहिला. १० फेब्रुवारी २०२१ ला इथल्या इंडिपेंडन्स को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि पैसे काढणं थांबलं. ३ फेब्रुवारी २०२२ ला तिचा परवानाच रद्द झाला. पण तिच्या ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांची संपूर्ण ठेव विम्याच्या मर्यादेत बसत होती. अकोल्याच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

आता कॉमर्सच्या विद्यार्थिनीसारखा हिशेब करू या. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. ४,८०,००० ची एफडी आणि त्यावर ४०,००० व्याज झालं, तर ५,२०,००० होतात. वरचे २०,००० विम्याच्या बाहेर. कॉलेज रोड, पंचवटी आणि नाशिक रोड अशा एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे ठेवले तरी ते एकत्रच मोजतात, तिथे तीन विमे नाहीत. बँक वेगळी असेल तर मर्यादा वेगळी. तुमचं एकटीचं खातं आणि यजमानांसोबतचं जॉइंट खातं मात्र स्वतंत्र धरलं जातं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. भिशीलाही नाही. बँकेत आणि पतसंस्थेत काउंटर सारखंच दिसतं, पासबुकही सारखंच. पतसंस्था वाईटच असते असं मी म्हणत नाही, चांगल्या चालवलेल्या आहेत. पण व्याज एक-दोन टक्के जास्त मिळतं, ते कशाच्या बदल्यात, हे आपण स्वतःला विचारायला हवं. मुलीच्या लग्नाचे आणि म्हातारपणाच्या औषधांचे पैसे तिथे सगळेच्या सगळे नकोत.

महिनाभराचा खर्च भागेल एवढे पैसे दुसऱ्या बँकेत असू द्या आणि थोडी रोख घरात. कारण विम्याचे पैसे ९० दिवसांत येतील, पण दूधवाला आणि मेडिकलवाला तेवढं थांबत नाहीत. आणि एक विनंती, ग्रुपवर आलेल्या ऐकीव बातमीवरून बँकेत धावू नका, ती पुढे पाठवूही नका. सगळे एकदम धावले तर धडधाकट बँकही अडचणीत येते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात कूटलेखक्रिया, म्हणजे खोटी कागदपत्रं करणं, आणि न्यासापहार हे शेजारी-शेजारी येतात. ठेवणारा आपली रक्कम विसरतो, कमी मागतो, आणि ठेव सांभाळणारा "हो, तेवढीच होती" म्हणून तेवढीच परत देतो, याला न्यासापहार म्हणतात. दोष अर्थातच सांभाळणाऱ्याचा. पण या व्याख्येत विसरणारा ठेवीदारही उभा आहे, हे माझ्या मनातून जात नाही. आजही दहा वर्षं कुणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या परत मागता येतात, त्या शोधण्यासाठी २०२३ पासून उद्‌गम नावाचं पोर्टलही आहे. पण शोधायचं कुणी? ज्याला ठेव होती हे ठाऊक असेल, त्यानेच.

अनेक घरांत पैशांची माहिती फक्त यजमानांच्या डोक्यात असते. म्हणून यंदा दिवाळीत वहीपूजन कराल, तेव्हा दुकानाच्या वहीशेजारी घराची एक वही ठेवा. बँकेचं नाव, खात्यावर कुणाकुणाची नावं, मुद्दल, मुदत कधी संपते, नॉमिनी कोण, एवढे पाच रकाने पुरेत. पासवर्ड त्यात लिहू नका. ती वही कुठे ठेवली आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगा. आणि पहिली बेरीज तुम्ही स्वतः करा.