साधनगणना व विद्युत् व्यवस्थापन, संगणकातील

संगणकाला जोडलेली साधने ओळखून त्यांना पत्ते देणे याला साधनगणना, तर काम नसताना त्यांचा वीजपुरवठा कमी करणे वा तोडणे याला विद्युत् व्यवस्थापन म्हणतात. ही कामे प्रचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, व त्यातील ड्रायव्हर करतात. प्रारंभी या दोहोंचा परस्परांशी संबंध नव्हता.

आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात बसवर, म्हणजे साधने जोडणाऱ्या सामाईक वाहिनीवर, कोणते कार्ड आहे हे विचारण्याची सोयच नव्हती. कार्डाचा पत्ता जंपर हलवून हाताने ठरवावा लागे. दोन कार्डांचा पत्ता एकच झाल्यास काम अडे. इंटेलने १९९२ मध्ये पुढे आणलेल्या पीसीआय बसवर प्रत्येक साधन आपला उत्पादक व प्रकार स्वतः सांगते. जागा रिकामी असल्यास सर्व अंक १ असलेले उत्तर येते. दुसऱ्या बसकडे नेणारा सेतू आढळला, की त्यापलीकडेही शोध घेतला जातो व साधनांचा वृक्ष तयार होतो. यूएसबीत (१९९६) साधन चालू संगणकाला जोडता येऊ लागले. नवे साधन प्रथम शून्य या पत्त्यावर उत्तर देते व मग त्याला स्वतःचा पत्ता मिळतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचा यूएसबीच्या घडणीत मोठा वाटा आहे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या परम ८००० या महासंगणकात ट्रान्सप्यूटर हे प्रक्रियक वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार दुवे असतात. अशा जाळ्याचा शोध घेण्यासाठी दुव्यांतून पुढे सरकत शेजारी तपासणारा छोटा कार्यक्रम वापरीत; त्याला ‘वर्म’ म्हणत. तत्त्व तेच होय.

वीज वाचविण्याची निकड सुवाह्य संगणकांमुळे वाढली. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) सारख्या भारनियमन सोसलेल्या जिल्ह्यात तर बॅटरी किती टिकते, हा चैनीचा प्रश्न नव्हता. १९९२ च्या एपीएम पद्धतीत निर्णय मुख्यतः बायोसच्या हाती असे. चालू कार्यक्रमाला साधनाची गरज आहे की नाही, याची त्याला पुरती कल्पना नसे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांच्या एसीपीआय या मानकाने (डिसेंबर १९९६) हा अधिकार प्रचालन प्रणालीकडे दिला.

अधिकाराबरोबर क्रमाचा प्रश्न आला. बस आधी निद्रिस्त झाली, तर तिच्यावरील साधनांना निरोप पोहोचत नाही व डिस्कवर न लिहिलेली माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून आधी साधन, मग बस असा निद्रेचा क्रम असून जागे करताना तो उलटा असतो. हा क्रम गणनेतून निघालेल्या वृक्षातच दडलेला होता. लिनक्सच्या २.६ आवृत्तीत (डिसेंबर २००३) सर्व साधनांची एकच रचना आली, तिचा मूळ हेतू हाच होता. डिसेंबर २००९ मधील २.६.३२ आवृत्तीपासून संगणक चालू असतानाही एकेक साधन निजविण्याची सर्वसाधारण सोय झाली.

तथापि एक अडचण मुळातच आहे. वीज पूर्ण तोडलेले पीसीआय साधन वाचल्यास सर्व अंक १ असेच उत्तर येते. म्हणजे निद्रिस्त साधन व नसलेले साधन बसवर सारखेच दिसतात. त्यांतील भेद ड्रायव्हरने स्वतःच्या नोंदीवरून करावयाचा असतो.